मुलांच्या रक्तात शिरणारा स्ट्रेप जंतू : कोणत्या तापात थांबायचं नाही

घसा धरला, ताप आला, गिळताना दुखतंय, हे आपल्या घरात वर्षातून दोन-चार वेळा होतंच. गुडघ्याला खरचटलं, तिथे फोड आला, त्यावर मधासारखी पिवळी खपली धरली, हेही होतं. बहुतेक मुलं आठवड्याभरात बरी होऊन पुन्हा गल्लीत खेळायला जातात. या दोन्ही साध्या दुखण्यांमागे पुष्कळदा एकच जंतू असतो. डॉक्टर त्याला ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस म्हणतात, आपण नुसतं स्ट्रेप म्हणू. सूक्ष्मदर्शकाखाली तो माळेत ओवलेल्या मण्यांसारखा दिसतो. बऱ्याच निरोगी मुलांच्या घशात तो काही त्रास न देता राहतो.

आज लिहायचं आहे ते त्याच्या दुसऱ्या रूपाबद्दल. फार थोड्या मुलांत हा जंतू घशात किंवा कातडीवर न थांबता आत शिरतो. रक्तात, फुप्फुसाच्या आवरणात, सांध्यात, हाडात, नाहीतर कातडीखालच्या मांसात. काही वेळा तिथून तो असं विष सोडतो की काही तासांत मुलाचं सगळं शरीर खचतं. त्याला टॉक्सिक शॉक म्हणतात. आजार विरळा आहे, म्हणून प्रत्येक तापाला घाबरून जायचं कारण नाही. पण हा आजार सकाळपर्यंत थांबत नाही. रात्री दहाला खेळणारं मूल पहाटे हातपाय गार पडलेलं सापडू शकतं. कुठे थांबून पाहायचं आणि कुठे एक तासही थांबायचं नाही, एवढं घरातल्या मोठ्या माणसांना ओळखता आलं पाहिजे.

हा आजार फक्त गरिबांचा, असंही समजू नका. २०२२च्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये शाळेत जाणारी मुलं यात दगावली, तेव्हा तिथे आईबाप हादरून गेले होते. १५ डिसेंबर २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं की ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स, नेदरलँड्स आणि स्वीडन या पाच देशांत दहा वर्षांखालच्या मुलांमध्ये हा आत शिरणारा स्ट्रेप वाढला आहे. कोरोनात दोन वर्षं मुलं घरात राहिली, मग सर्दी-तापाच्या विषाणूंची साथ एकदम जोरात आली आणि तिच्या पाठोपाठ हा जंतू आला. त्या महिन्यात ब्रिटनसारख्या देशातही मुलांना द्यायच्या पातळ पेनिसिलिन-अमॉक्सिसिलिनचा तुटवडा पडला. तिथे घर मोठं, नळाला दिवसभर पाणी, तरी ही गत. आपल्याकडे एका खोलीत सहा जण झोपतात आणि पाणी येतं तासभर.

विष नेमकं काय करतं ते समजून घेऊ, म्हणजे लक्षणं पाठ करावी लागणार नाहीत. अंगात एखादा जंतू शिरला की रक्तातल्या लढणाऱ्या पेशींपैकी त्या जंतूला ओळखणाऱ्या मोजक्याच पेशी जाग्या होतात, दहा हजारांत एखादी. स्ट्रेपचं विष ही ओळख-पाळख बाजूला सारून पाचातली एक पेशी एकाच वेळी खडबडून जागी करू शकतं. एका घरात चोर शिरला म्हणून सगळ्या वस्तीनं काठ्या घेऊन अंधारात एकमेकांनाच बडवावं, तसा प्रकार होतो. रक्तवाहिन्या झिरपू लागतात, रक्तातलं पाणी बाहेर मांसात उतरतं. रक्ताचा दाब पडतो, मूत्रपिंडाला रक्त पोचत नाही, लघवी थांबते. यकृत, फुप्फुसं, रक्त गोठण्याची यंत्रणा, एकेक करून बिघडत जातं.

यात मुलांची एक गोष्ट मोठ्यांपेक्षा वेगळी आहे आणि ती भल्याभल्यांना फसवते. लहान मुलाचं शरीर दाब सहजासहजी पडू देत नाही. हृदय जोरात धावतं, हातापायांचं रक्त आखडून मेंदू-हृदयाकडे वळवलं जातं. म्हणून बीपीचं मशीन "नॉर्मल" दाखवत असतं आणि मूल आतून संपत आलेलं असतं. दाब पडतो तो अगदी शेवटी. म्हणून बीपी चांगलं आहे एवढ्यावर समाधान मानू नका. हात-पाय बघा. ताप १०३ आहे, कपाळ भाजतंय, पण तळपाय गार आणि डागाळलेले, हे चांगलं लक्षण नाही. मुलाच्या छातीवर मधोमध बोट पाच सेकंद दाबून ठेवा आणि सोडा. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत पहिल्यासारखी झाली पाहिजे. तीन-चार सेकंद लागत असतील तर मूल शॉककडे चाललंय असं धरून निघा.

श्वास मोजायला घड्याळ लागतं, बाकी काही नाही. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोट वर-खाली होताना मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचा मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे. लघवी शेवटची कधी केली ते आठवा. आठ तासांत झाली नसेल तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. मूल सुस्त आहे, हाक मारली तर डोळे उघडतं पण ओळखल्यासारखं बघत नाही, किंवा भलतंच बडबडतं, तर रिक्षा बोलवा. ताप उतरला तरीही मूल खुललं नाही, हेही मी याच यादीत घालते. साध्या तापात पॅरासिटामॉल दिल्यावर तासाभरात मूल थोडं तरी उठून बसतं, बिस्कीट मागतं. हे मूल तसं करत नाही.

आता दुखण्याकडे येते, कारण या आजारात पहिली आरोळी तिथूनच येते. जंतू कातडीखालच्या मांसात शिरतो तेव्हा सुरुवातीला वरून काहीच दिसत नाही. थोडी सूज, थोडी लाली, काही वेळा तीही नाही. पण मूल असं रडतं की पायाला चादर लागलेली सहन होत नाही. दिसतंय त्यापेक्षा दुखणं कितीतरी मोठं. आपल्या वस्त्यांत अशा वेळी काय होतं ते मी अनेकदा पाहिलं आहे. "पडला असेल, मुरगळला असेल, उसण भरली असेल" म्हणत तेल गरम होतं, चोळून देणाऱ्या मावशी येतात. पायात जंतू पसरत असताना ते मांस चोळण्याइतकी वाईट गोष्ट नाही. ताप असलेल्या मुलाचा हात-पाय चोळायचा नाही, ताप नसेल तर पुढचं बघू. तसंच, ताप आहे आणि मूल एका पायावर भारच देत नाही, किंवा एक हात हलवतच नाही, तर सांध्यात-हाडात पू असू शकतो. तेही त्याच दिवशी दाखवायचं.

एक सोपी युक्ती. सुजलेल्या-लाल झालेल्या जागेच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. दोन तासांनी लाली रेघेबाहेर गेली असेल तर वाद घालायला जागा उरत नाही. दवाखान्यात डॉक्टरांनाही त्या रेघेचा उपयोग होतो. कातडी जांभळी, काळपट झाली, त्यावर पाण्याचे फोड आले, किंवा आधी ठणकणारी जागा एकाएकी बधिर झाली, तर ती बरं होण्याची खूण नाही. आतलं मांस मेलं आहे.

पुस्तकांतली चित्रं गोऱ्या मुलांची असतात. उन्हानं भाजल्यासारखी लाल पुरळ, असं तिथे लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या लेकरांच्या पाठीवर ती लाली दिसतच नाही किंवा अंग नुसतं गडद वाटतं. तेव्हा डोळ्यांवर विसंबू नका, हात फिरवा. बारीक सँडपेपरसारखं खरखरीत लागतं का? जीभ लालबुंद होऊन तिच्यावर दाणे उठलेत का? खालची पापणी ओढून आत बघा, तळहात बघा. तिथे रंग कळतो.

कांजिण्यांबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे. कांजिण्यांचा प्रत्येक फोड म्हणजे या जंतूला उघडं दार. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात मुलांचा अभ्यास झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात कांजिण्या झालेल्या मुलांना आत शिरणाऱ्या स्ट्रेपचा धोका सुमारे ५८ पट आढळला. साध्या कांजिण्यांत ताप पहिले तीन-चार दिवस असतो, मग उतरतो. उतरलेला ताप पुन्हा चढला, किंवा चौथ्या-पाचव्या दिवशीही मोठा ताप आहे, किंवा एखाद्या फोडाभोवती सूज येऊन तो भाग ठणकू लागला, तर कांजिण्या आपल्या आपण जातील म्हणून घरी बसायचं नाही. आणि इथेच आपलं अडतं. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतसुद्धा कांजिण्या आल्या की म्हातारी माणसं हळूच "बाया आल्यात" म्हणतात. औषध नको, आंघोळ नको, डॉक्टर नको, लिंबाचा पाला उशाशी. पाल्यानं नुकसान होत नाही, पण त्या पाल्याच्या भरवशावर गेलेले दोन दिवस परत येत नाहीत. कांजिण्यांत मुलाला रोज कोमट पाण्यानं आंघोळ घालायची, नखं कापायची, अंग टिपून कोरडं करायचं. तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन कांजिण्यांत देऊ नये, ॲस्पिरिन तर मुलांना नाहीच. मेडिकलवाल्यानं "जरा स्ट्राँग" म्हणून दिलेल्या बाटलीत पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन मिसळलेलं असतं, तेव्हा लेबल वाचा, वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या. पॅरासिटामॉलचं माप वजनावर ठरतं, किलोला १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतरानं. दहा किलोच्या मुलाला १५०. बाजारात पाच मिलीत १२० मिलिग्रॅमची बाटली मिळते तशी २५०चीही मिळते. चमचा तोच, औषध दुप्पट.

कांजिण्यांची लस आहे, पण ती सरकारी मोफत लसीकरणात नाही, खाजगीत विकत घ्यावी लागते. स्ट्रेपवर मात्र जगात कुठेच लस नाही.

कांजिण्या नसतानाही दारं उघडी असतात. वस्तीत सगळ्यात मोठं दार म्हणजे खरूज. रात्रभर मूल खाजवतं, नखांनी कातडी फुटते, पू धरतो, खपली येते, दुसरीकडे पुन्हा सुरू. आपण त्याला "पावसाळ्यात होतंच" म्हणतो. फिजी बेटांवर एक प्रयोग झाला, त्याचा निकाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. तिथे एका भागात खरूज असो-नसो, सगळ्यांना एकाच वेळी आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या. वर्षभरात शंभरातल्या ३२ जणांची खरूज दोघांवर आली, आणि पुवाचे फोड असलेल्यांचं प्रमाण २५ वरून ८ वर. फोडांसाठी वेगळं औषध कुणाला दिलं नव्हतं. खाज थांबली, दार बंद झालं. म्हणून घरात एकाला खरूज असेल तर पर्मेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, सकाळी धुवायचं, आठवड्यानं पुन्हा एकदा. कपडे-चादरी गरम पाण्यात किंवा कडक उन्हात. एकेकट्यानं लावलं तर खरूज घरातल्या घरात फिरत राहते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी आधी डॉक्टरांना विचारा. मेडिकलमधून मिळणाऱ्या, खाज-गजकर्ण-खरूज सगळ्यावर चालते म्हणून खपवल्या जाणाऱ्या ट्यूब लावू नका. त्यांत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवस दबते आणि जंतू निवांत वाढतो.

तासभर येणाऱ्या पाण्यात हात किती वेळा धुणार, हा प्रश्न मला सभांमध्ये बायका विचारतात, आणि तो रास्त आहे. जखमेला हात लावण्याआधी आणि नंतर, एवढं तरी साबणानं करा. टॉवेल मात्र प्रत्येक मुलाचा वेगळा ठेवा, त्याला पाणी लागत नाही.

घसा दुखण्याच्या औषधाबद्दल थोडक्यात. पेनिसिलिनला हा जंतू आजही शरण जातो. ऐंशी वर्षं औषध वापरात आहे, तरी त्याला ते पचवता आलेलं नाही. मेडिकलमधून तीन दिवसांच्या अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या आणल्या जातात, त्या मात्र काही स्ट्रेप जंतूंवर चालत नाहीत. डॉक्टरांनी घशासाठी दहा दिवसांचं पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दिलं तर तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून बंद करायचं नाही. याच घशाच्या स्ट्रेपमधून पुढे संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. तो विषय मोठा आहे, त्यावर स्वतंत्र लिहायला हवं.

औषधं नव्हती तेव्हा एका टोचलेल्या सुईनं काय व्हायचं, याचं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. जर्मनीतले शास्त्रज्ञ गेरहार्ट डोमाक यांच्या लहान मुलीच्या, हिल्डगार्डच्या, हातात १९३५ साली सुई घुसली. स्ट्रेप आत गेला, हात सुजला, जंतू रक्तात उतरला. हात कापावा लागेल असं डॉक्टर म्हणू लागले. डोमाक स्वतः प्रयोगशाळेत उंदरांवर एका लाल रंगाच्या औषधाचा अभ्यास करत होते. त्यांनी ते प्रॉन्टोसिल आपल्या मुलीला दिलं आणि मुलगी हातासकट वाचली. सल्फा औषधांची सुरुवात इथून झाली, डोमाक यांना १९३९चा नोबेल मिळाला. आज आपल्याकडे त्याहून कितीतरी चांगली औषधं जिल्हा रुग्णालयात फुकट आहेत. प्रश्न तिथे वेळेत पोचण्याचा आहे.

वाटेतला छोटा दवाखाना बहुतेक वेळा मुलाला एक सुई टोचून "सकाळी बघू" म्हणतो. वर सांगितलेली लक्षणं असतील तर तिथे थांबू नका. जिथे मुलांचा अतिदक्षता विभाग आहे, असं सरकारी किंवा महापालिकेचं मोठं रुग्णालय गाठा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. कॅज्युअल्टीत पोचल्यावर रांगेत गप्प उभं राहायचं नाही, सिस्टरला किंवा डॉक्टरला थेट सांगायचं : "कांजिण्यांचा पाचवा दिवस आहे, काल रात्रीपासून ताप परत आला, मांडी ठणकते, सकाळपासून लघवी नाही, पाय गार पडलेत." नुसतं "ताप आहे" म्हटलं तर तुमचं मूल पन्नास तापांच्या मुलांत जातं. सिस्टरच्या खुर्चीत बसून मी हे सांगते आहे. कधी काय झालं हे कागदावर लिहून नेलं तर फारच चांगलं. आधी दिलेली औषधं, गावठीसुद्धा, लपवू नका.

शॉकमधल्या मुलाला पहिल्या तासाच्या आत प्रतिजैविकाचं इंजेक्शन मिळावं, असं जगभरच्या डॉक्टरांनी ठरवलेलं आहे. सलाईन चढतं, रक्ताची तपासणी जाते, ऑक्सिजन लागतो. स्ट्रेपची शंका असेल तर पेनिसिलिनच्या गटातल्या औषधाबरोबर क्लिंडामायसिन देतात. पेनिसिलिन वाढत्या जंतूला मारतं, पण मरण्याआधी त्यानं सोडायचं विष थांबवत नाही. क्लिंडामायसिन विष बनवण्याचा कारखानाच बंद पाडतं. दोन औषधं का, असा प्रश्न नातेवाईक विचारतात म्हणून हे सांगितलं.

सगळ्यात अवघड घटका येते ती सर्जन सही मागतात तेव्हा. मांसात जंतू पसरला असेल तर मेलेलं मांस कापून काढावं लागतं, आणि ते आत्ता, रात्री दोन वाजता. वरची कातडी जवळपास चांगली दिसत असते. "एवढ्याशा सुजेला ऑपरेशन?" म्हणून घरचे गावाकडच्या मामाला फोन लावतात, मामा म्हणतो सकाळी येतो, मग ठरवू. मेलेल्या मांसात रक्त पोचत नाही, म्हणून शिरेतून दिलेलं औषधही तिथे पोचत नाही. सलाईनमधून कितीही भारी औषध सोडा, जंतू तिथे सुखात असतो. मामाची वाट पाहू नका. डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा, किती कापावं लागेल आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागेल का, आणि सही करा. पुन्हा करावं लागणं नेहमीचंच आहे, पहिलं चुकलं असा त्याचा अर्थ नसतो.

पैशांवरून कुणी दारातून परत पाठवत असेल तर हे माहीत असू द्या. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८९ साली सांगितलं की जीव वाचवण्याचे तातडीचे उपचार देणं हे सरकारी असो की खाजगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. धर्मादाय रुग्णालयांत शंभरातल्या दहा खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा सवलतीत ठेवायच्या असतात, आणि तातडीच्या वेळी अनामत रक्कम भरली नाही म्हणून अडवता येत नाही. रेशन कार्ड आणि आधारची झेरॉक्स दाराजवळच्या खिळ्याला पिशवीत अडकवून ठेवा. पण कागद सापडत नाहीत म्हणून निघायचं थांबू नका, ते मागून कुणीही आणून देईल.

एका मुलाला हा आजार झाला की घरातल्या बाकीच्यांनाही जपावं लागतं. सगळ्यांना औषध लागतंच असं नाही, ते डॉक्टर ठरवतील. पण घरात ओली बाळंतीण, नवं बाळ, म्हातारं माणूस किंवा कांजिण्या झालेलं दुसरं मूल असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. पुढचा महिनाभर घरात कुणालाही ताप, घसा, ठणका आला तर "आमच्याकडे एकाला आत शिरलेला स्ट्रेप झाला होता" हे पहिलं वाक्य.

मूल वाचून घरी आलं की आठ-पंधरा दिवसांनी त्याच्या तळहातांची आणि तळपायांची कातडी सोलपटासारखी निघू लागते, बोटांच्या टोकांपासून. आया घाबरून पुन्हा धावत येतात. ही विषाची मागे राहिलेली खूण आहे, नवा आजार नाही. कातडी ओढून काढू नका, खोबरेल लावा, आणि दिलेल्या तारखेला दाखवायला न्या.